पहिलवानाचा बेडका

आरोग्य अधिकारी म्हणजे निर्लज्जं सदासुखी, हे कारखान्याच्या मुकादमाला केव्हाच कळून चुकलं होतं. लढाई सुरू झाली तेव्हा वरून हुकूम आला की, सैन्याचे कोट शिवणाऱ्या कारखान्यात क्षय दिसता कामा नये. अधिकाऱ्याने त्याचा सोयीचा अर्थ लावला. रोगी बरे करत बसण्यापेक्षा तपासणीच बरी करून टाकावी. खोकणाऱ्या शिंप्यांच्या नावाच्या डब्यांत तो फाटकावरच्या पहारेकऱ्याचा बेडका भरायला लावायचा. पहारेकरी चांगला धडधाकट गडी, म्हणून सगळे त्याला पहिलवान म्हणायचे. दर महिन्याला तो एकटा सगळ्यांच्या वतीने खाकरायचा, सगळ्या डब्या निर्दोष ठरायच्या आणि अधिकारी वरच्यांकडून पाठ थोपटून घ्यायचा.

या महिन्यात मात्र प्रयोगशाळेने कळवलं की, झाडून सगळ्या डब्यांत क्षयाचे जंतू आहेत.

"त्या पहिलवानाने माझ्या अब्रूचं खोबरं केलं," अधिकारी घाम पुसत मुकादमाला म्हणाला. पहिलवान कसा आहे, हे त्याने विचारलंही नाही. "मी फेरतपासणी मागवतो. तुम्ही दुसरा धडधाकट माणूस शोधा."

"शोधला, साहेब. खोकत नाही असा एकही आमच्याकडे उरलेला नाही."

"मग आता कसं व्हायचं?"

मुकादमाने पिशवीतल्या रिकाम्या डब्या एकेक करून टेबलावर मांडल्या.

"तुम्ही कारखान्यात कधी पाऊलसुद्धा टाकलं नाहीत, त्यामुळे तुमची छाती ठणठणीत असणार," तो म्हणाला. "खाकरा."