नजरेची उंची

वेड हॉलिस्टरने मार्शलची टोपी काढून कपडेपटाच्या माणसाच्या हातात दिली आणि कमरेचा पट्टा सोडत तो दाराकडे निघाला. त्याचा क्लोज-अप झाला होता. पावणेसहा वाजत आले होते. जूनचा उजेड अजून दोन तास टिकणार होता, आणि क्लबात त्याचे गोल्फचे सोबती वाट बघत होते.

"वेड," तुरुंगाच्या लाकडी दारात उभी असलेली अर्लीन व्होस म्हणाली, "आता माझा आहे."

"ठाऊक आहे गं. तुला माझी काय गरज? तू झोपेतसुद्धा करशील."

"माझ्यासमोर कोण उभं राहणार?"

"ओपल वाचेल की. माझे संवाद माझ्यापेक्षा तिलाच जास्त पाठ असतात."

दोघे-तिघे हसले. वेड हात हलवत निघून गेला. बाहेर त्याच्या गाडीचं दार आपटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

कॅमेरा एकाच्या चेहऱ्यावर असतो तेव्हा समोरच्याने कॅमेऱ्याशेजारी उभं राहून आपले संवाद म्हणायचे, आणि तेही मन लावून. असा नियम कुठे लिहिलेला नाही. पण या धंद्यातला माणूस पारखायचा असेल तर इथेच पारखावा. सत्तेचाळीस साली वेडसमोर अर्लीन या पारखीला उतरली होती. तेव्हा तो फ्रेस्नोच्या पेट्रोल पंपावरून थेट स्टुडिओत आलेला होता आणि 'घोडे तयार आहेत' एवढं वाक्य त्याच्या तोंडातून सरळ निघत नव्हतं. तिचं त्या दिवसाचं काम दुपारीच संपलं होतं. तरी ती कॅमेऱ्याशेजारी बावीस टेक उभी राहिली, आणि बावीसही वेळा तिने आपलं वाक्य पहिल्यांदाच म्हणत असल्यासारखं म्हटलं. आता वेड मासिकांना सांगायचा, की अभिनय त्याला कुणी शिकवला नाही.

तिची कहाणी दोन ओळींत संपण्यासारखी होती. डुलुथहून एकोणिसाव्या वर्षी आली, स्टुडिओने सात वर्षांच्या कराराने बांधून घेतली. अकरा सिनेमांत नायिकेची मैत्रीण झाली आणि एकात नायिका. तो एक सिनेमा तोट्यात गेला. मग टीव्ही आला, आणि टीव्हीला आया हव्या होत्या. चार वर्षांत तिने वेगवेगळ्या मालिकांत नऊ मुलगे गमावले होते. घरी तिला एकही नव्हता. वेड तिच्याहून वर्षाने मोठा. या मालिकेत तो सगळ्या गावाच्या पोरींच्या डोळ्यांत भरणारा तरुण मार्शल होता, आणि ती त्याने फासावर चढवलेल्या पोराची म्हातारी आई.

पण हा क्लोज-अप तिला हवा होता. एका खेड्यातल्या डॉक्टरीणबाईवर दर आठवड्याची मालिका निघायची होती, आणि मुख्य भूमिकेसाठी तिचं नाव चार नावांत होतं. ठरवणाऱ्यांनी तिच्या एजंटला सांगितलं होतं, की बाईंचं ताजं काम दाखवा. ताजं काम म्हणजे हे, एवढंच. बाकी सगळीकडे ती कुणाच्या तरी खांद्याआडून रडत होती.

दिग्दर्शक सॉल मिंट्झने दिव्याच्या एका स्टँडवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला, जमिनीपासून सहा फुटांच्या जरा खाली.

"हे वेडचे डोळे. इथे बघायचं. दोन टेक मिळतील, मग लोक घरी जातील."

स्टँडखाली स्टुलावर ओपल टिअर्नी बसली. कोण काय बोललं, कुठला हात वर होता, नजर कुठे होती, हे सगळं वहीत टिपणं तिचं काम. समोरचा नट निघून गेला की त्याचे संवाद वाचणं हेही तिच्याच गळ्यात पडे. ती ते किराण्याची यादी वाचल्यासारखे वाचायची. पंधरा वर्षांत तिने वाचताना वहीतून मान वर काढली नव्हती.

पहिला टेक बरा झाला. बरा म्हणजे वाया गेला. चिकटपट्टीवर चिडायचं तरी कसं, अर्लीनला कळेना. वेडच्या गाडीचं दार तिच्या डोक्यात अजून आपटत होतं.

दुसऱ्या टेकला ओपल म्हणाली, "मिसेस डन, कायदा म्हणजे कायदा." आणि तिने मान वर केली.

चष्म्यामागचे दोन थकलेले डोळे अर्लीनकडे बघत होते. मग अर्लीन बोलली. आवाज चढवला नाही.

"माझ्या स्वयंपाकघरात बसून जेवलास तू, मार्शल. दोनदा वाढून घेतलंस. म्हणालास, पोराला न्यायाधीशापुढे उभं करीन. आणि दोरखंड कुठून आणलास? तोही माझ्याच गोठ्यातून."

सॉल 'कट' म्हणाला तेव्हा दिवेवाले खाली बघत होते. ओपलने नाक पुसलं आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी अकराला अर्लीन उरलेल्या एका छोट्या दृश्यासाठी आली, तर सॉल तिला हाताला धरून छोट्या पडदाघरात घेऊन गेला. कालची सगळी फिल्म धुऊन आली होती. आधी वेडचा चेहरा आला, मग तिचा. तो तिनेही परक्या बाईचा असावा तसा पाहिला, आणि तिच्या अंगावर काटा आला.

"वर्षभरात इतकं चांगलं काही मी घेतलेलं नाही," सॉल म्हणाला.

"मग तुझा चेहरा असा का?"

"डोळे बघ."

तिने पुन्हा पाहिलं. वेड सव्वासहा फुटी. त्याच्याशी बोलताना तिची नजर वर हवी होती. ती खाली होती, स्टुलावर बसलेल्या बाईकडे.

"मार्शलच्या पट्ट्याच्या बकलाशी भांडतेयस असं दिसतं," सॉल म्हणाला. "लोक हसतील. मी आवाज तुझा ठेवतो. चित्र वेडचं राहील."

"म्हणजे मी बोलणार आणि तो दिसणार."

"दुसरं काय करू? ओपलनेही वहीत काही लिहिलं नाही. तिच्या कधी नजरेतून सुटत नाही असं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक तिची होती, हेच तिला सहन होत नव्हतं. पहिल्या आठवड्यात आलेल्या पोरीलाही सांगतात, की खुणेकडे बघ, माणसाकडे नको. चोवीस वर्षं घालवून ती माणसाकडे बघून बसली होती. आणि ज्याने तिला चिकटपट्टीच्या हवाली केलं, त्याचा चेहरा पडदाभर दिसणार होता.

"तुरुंगाचा सेट कधी पाडताय?"

"जेवणाच्या सुट्टीत. तिथे दारूचं दुकान उभं करायचंय."

"म्हणजे तासभर आहे. वेडला बोलाव."

"अर्लीन, तो काही—"

"राहू दे. मीच जाते."

वेड रंगपटात खुर्चीवर रेलून कॉफी पीत होता. कॉलरला रंग लागू नये म्हणून गळ्याभोवती पातळ कागद खोचलेले होते. तिने काय हवं ते एका दमात सांगितलं.

"एका क्लोज-अपसाठी एवढा थयथयाट?" तो आरशातूनच म्हणाला. "अगं, आवाज राहतोय ना तुझा!"

"बावीस टेक, वेड."

"अकरा वर्षं झाली त्याला. अजून तेच उगाळतेयस?"

"घोडे तयार आहेत," ती म्हणाली. "एवढंच वाक्य होतं. तुला 'तयार' म्हणता येत नव्हतं."

रंग लावणारा माणूस स्पंज तोंडाशी नेऊन खोकला. वेडने कप खाली ठेवला.

"चल. दहा मिनिटं. त्यापुढे एक सेकंद नाही."

तुरुंगाच्या दारावर पुन्हा दिवे लागले. अर्लीनने काळी शाल खांद्यावर ओढली. वेड कॅमेऱ्याशेजारी उभा राहिला, गळ्यातले कागद तसेच. त्याचे डोळे हवे तिथे होते, नेमक्या उंचीवर. कॅमेरा सुरू झाला.

"मिसेस डन, कायदा म्हणजे कायदा," वेड म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याने दिवेवाल्याला डोळा मारला.

"माझ्या स्वयंपाकघरात बसून जेवलास तू, मार्शल. दोनदा—"

वेडने मनगट वर करून सॉलला घड्याळ दाखवलं.

"कट," अर्लीन म्हणाली.

नट स्वतः टेक थांबवत नाही. छत कोसळलं तरी नाही.

"तो शब्द माझा आहे," सॉल हळूच म्हणाला.

"माहीत आहे. माफ कर. वेड, तू जा."

"तूच बोलावलंस मला!"

"चुकलं माझं. जा, कॉफी गार होईल."

वेडने सॉलकडे पाहिलं. सॉल आपले बूट निरखत होता. मग वेड मोठ्यांदा हसला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"बायका चाळिशीला आल्या की असंच होतं."

"मी त्रेचाळीसची आहे," अर्लीन म्हणाली, "आणि तू चव्वेचाळीसचा. आरडाओरडा करू नकोस, तू छत्तीसचा आहेस असं मासिकांत छापून आणणारी पोरगी बाहेर उभी आहे."

आता मात्र हसू कुणाला आवरेना. वेड वळला आणि तरातरा गेला. गळ्यातला एक कागद निसटून जमिनीवर पडला, तो कुणी उचलला नाही.

"संपलं?" सॉलने विचारलं. "आता काय? पट्टी लावू परत?"

"नको. ओपलला खोक्यावर उभं कर."

सेटवर लाकडी खोकी नेहमीच पडलेली असतात. बुटका नट उंच करायला, टेबल सरळ करायला, जेवायला बसायलाही. गस नावाचा म्हातारा कामगार सॉलच्या परवानगीसाठी थांबला नाही. त्याने एक खोकं आणलं, त्यावर दुसरं ठेवलं आणि पायाने हलवून बघितलं.

"मिस व्होस, मला अभिनय येत नाही," ओपल म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "कालचं माझ्यामुळेच बिघडलं. नजर टिपायचं काम माझं होतं."

"अभिनय नको करूस. काल बघत होतीस ना माझ्याकडे? तसंच बघ."

ओपलने बूट काढले. गसने हात दिला, आणि ती नुसत्या मोज्यांनिशी खोक्यांवर चढली. कॅमेरामनने डोळा लावून हात हलवला, अजून थोडं वर. गसने एक चपटं खोकं आणून वर सरकवलं. आता ओपल टिअर्नी वेड हॉलिस्टरएवढी उंच झाली होती. वही तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, उंच कड्यावर उभी असल्यासारखी.

"जेवायला चार मिनिटं आहेत," सॉल म्हणाला. "एकच टेक."

अर्लीनने डोळे मिटले. कालचा राग आज परत येईल का, याची तिला धास्ती वाटत होती. कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली.

"मिसेस डन," ओपल वरून म्हणाली, "कायदा म्हणजे कायदा."

अर्लीनने मान वर केली. राग कुठे गेलाच नव्हता. तो कालच्याहून जुना होता, अकरा सिनेमे आणि नऊ मुलग्यांइतका. ती बोलत गेली. कुठे थांबली, कुठे काय म्हणाली, ते तिचं तिलाही नंतर आठवलं नाही.

सॉलने 'कट' म्हटलं.

"नजर ठीक होती," तो म्हणाला. "ओपल, शब्द? शब्द सगळे बरोबर होते?"

ओपल खोक्यांवरून खाली बघत राहिली. वही मिटलेलीच होती.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी बघितलंच नाही वहीत."

एवढ्या उंचावरून तिला एकटीला उतरता येईना. हात द्यायला अर्लीन पुढे झाली.