बारा फूट चार इंच

मास्तरांनी टेपचं टोक भिंतीशी टेकवलं, ते सरकू नये म्हणून त्यावर जड इस्त्री ठेवली आणि गुडघ्यांवर रांगत दुसरं टोक समोरच्या भिंतीपर्यंत नेलं.

"बारा फूट चार इंच!" ते मोठ्याने म्हणाले आणि थांबले.

खोलीत कोणी काही बोललं नाही. बोलणार कोण, इस्त्री? मास्तर क्षणभर तसेच ओणवे राहिले. मग कुरकुरत्या गुडघ्यांना चार शब्द सुनावत उठले आणि रुंदी घेतली. "दहा फूट!" पुन्हा थांबले. मग चपला घालून घाईघाईने जमिनीवर अंथरायच्या व्हिनाइलच्या दुकानाकडे निघाले, कारण मापं डोक्यात ताजी होती तोवरच पोचायचं होतं.

ही तिसरी खेप. आधी दोनदा ते असंच मोजून गेले होते आणि दोन्ही वेळा काउंटरशी उभं राहताच डोकं धुतल्या पाटीसारखं कोरं झालं होतं. एरवी याचं कोणी हसं केलं असतं आणि विषय संपला असता. पण बायको गेल्यापासून मुलाचं त्यांच्यावर बारीक लक्ष होतं. एकदा गॅसवर दूध ठेवून ते फिरायला गेले, एकदा खोलीतल्या फाटक्या व्हिनाइलमध्ये पाय अडकून पडले. लांबच्या शहरातून मुलगा आला, डॉक्टरांना भेटला आणि जाताना म्हणाला, "बाबा, एकटं राहायचं ना? मग या खोलीचं व्हिनाइल तुमचं तुम्ही बदलून दाखवा. नाही जमलं, तर घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं." मास्तरांनी तोऱ्यात हो म्हटलं होतं. ज्याने उभं आयुष्य शिंपीकामात, मापं घेण्यात घातलं, त्याला एक खोली काय भारी!

दुकानदार जुना गिऱ्हाईक होता. त्याच्या सगळ्या पँटी मास्तरांनीच शिवलेल्या.

"या, मास्तर. सांगा आज तरी."

मास्तरांनी तोंड उघडलं. बारा की तेरा? चार इंच लांबीचे की रुंदीचे? तोंडचं पाणी पळालं.

"माझ्या कमरेचा घेर नाही विचारत, तो वाढतच चाललाय," दुकानदार हसत म्हणाला. "खोलीचं माप सांगा. अहो, लिहून का आणत नाही?"

"लिहिणारी गेली ना," मास्तर म्हणाले.

दुकानदार ओशाळला. पण मास्तर त्याच्याकडे बघतच नव्हते. ते स्वतःचंच वाक्य ऐकत उभे होते.

त्यांनी माप घ्यायचं, मोठ्याने सांगायचं. बायकोने तो आकडा मागून म्हणायचा, खडूने कापडाच्या कडेला लिहायचा आणि म्हणायचं, "हं, पुढे?" हे ऐकल्याशिवाय मास्तरांची टेप गिऱ्हाइकाच्या अंगावरून हलत नसे. आकडा तोंडातून बाहेर पडला की त्यांचं काम संपलं. तोंड मास्तरांचं आणि डोकं मास्तरीणबाईंचं, असं गिऱ्हाइकं म्हणायची ती काही उगाच नाही. विसरायला आधी लक्षात ठेवावं लागतं, आणि मास्तरांनी जन्मात एकही माप लक्षात ठेवलं नव्हतं. म्हणजे डोकं शाबूत होतं! बायको गेल्यापासून पहिल्यांदाच ते रस्त्यात एकटे हसले.

घरी येऊन त्यांनी चौथ्यांदा मोजलं. या वेळी आकडा म्हणून झाल्यावर खिशातल्या खडूने तो जुन्या व्हिनाइलवरच लिहिला. मग हिशेबाला कितीसा वेळ! इस्त्री टेपवरच राहिली आणि मास्तरांनी मुलाला फोन लावला.

"ऐक. रोलचा पन्हा साडेसहा फूट. लांबीच्या बाजूने टाकलं, तर पंचवीस फुटांच्या वर जातं. आडवं टाकलं, तर दोन तुकडे, साडेवीस फुटांत खोली झाकली. कडेला दीड-दीड इंच शिलाई धरून."

"जमिनीला शिलाई?" मुलगा हसला. "वा, बाबा! मी उगाच घाबरलो होतो."

"तेच सांगतोय. अरे, मी विसरत नाही. झालं असं, की..."

"एक मिनिट. डॉक्टरांनी मधूनमधून विचारायला सांगितलंय, रागावू नका हं. माझा वाढदिवस कधी असतो?"

मास्तरांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. तो जन्मला तेव्हा बाहेर रणरणतं ऊन होतं, दवाखान्याच्या पायरीवर बसून आपण घाम पुसत होतो, एवढं त्यांना आठवलं. तारीख? दरवर्षी बायको हातात फोन द्यायची. "बोला, आज वाढदिवस आहे त्याचा." ते बोलायचे.

उत्तर ओठांवर होतं. अरे, मी विसरलो नाही, मला कधी माहीतच नव्हतं, ते तुझी आई लक्षात ठेवायची. एवढं सांगितलं की डोकं शाबूत ठरलं असतं आणि घरही राहिलं असतं. मास्तरांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"बाबा?"

"विसरलो रे," मास्तर म्हणाले.

पलीकडून मुलाचा आवाज आला, लहानपणी यायचा तसा मऊ.

"असू द्या. होतं असं. मी रविवारी येतो, मग बघू घराचं काय करायचं ते. व्हिनाइल आता घेऊ नका."

"बरं." मास्तर हळूहळू खाली बसले. "पण सांग तरी, कधी असतो?"

"चौदा मे."

"चौदा मे," मास्तर मागून म्हणाले आणि मापांच्या शेजारी खडूने ठळक लिहिलं. "हं. पुढे?"