दुकान आपलंच आहे

मित्रांनो, मी एका केशकर्तनालयातली जुनी फिरती खुर्ची आहे. सध्या माझ्यावर मळकी चादर आहे आणि शटर खाली आहे. आधी अंधाराचे वाईट वाटायचे. आता काही वाटत नाही.

एका लोहाराने माझा सांगाडा घडवला, गादीवाल्याने लाल रेक्झिन चढवले. मालकाने मला दुकानात ठेवले, हात जोडले, मग गरकन फिरवून बघितले आणि स्वतःशीच हसला.

मालकाचा हात हलका आणि जीभ गोड. दारात कोणीही दिसले की म्हणायचा, "या, बसा. दुकान आपलंच आहे." म्हणून काही कोणी दुकान उचलून नेले नाही. हे बोलण्यापुरते असते, हे गिऱ्हाइकांना कळत होते.

घोटाळा घरच्यांत झाला. मालकाला दिवसभर उभे राहवेना तेव्हा मुलीने कात्री हाती घेतली. ती दमली की तो म्हणे, "अगं, तुझंच दुकान आहे." परगावच्या मुलाचा फोन आला की त्यालाही तेच. "ये की कधीही. दुकान तुझंच आहे."

एक वकील माझ्यावर दाढीला बसत. एकदा मुलगी बाहेर गेलेली पाहून मालक त्यांना म्हणाला, "माझ्या मनात पक्कं आहे. दुकान पोरीला, घर पोराला."

"मग लिहून ठेव ना बाबा. सही कर, दोन साक्षीदार घे."

"लिहितो की. गर्दी ओसरू दे. आता तोंड मिटा वकीलसाहेब, वस्तरा ओठाशी आलाय."

गर्दी ओसरली नाही. देवाने मालकाला झोपेतच नेले.

मुलगा आला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "ताई, बाबा मला म्हणाले होते, दुकान तुझंच."

"मलाही म्हणाले होते."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"नाही रे. तूही नाही, मीही नाही."

वकिलांनी ऐकलेले सांगितले. "पण नुसत्या बोलण्याचं मृत्युपत्र होत नाही. आता घर आणि दुकान, दोन्हींत दोघांचा सारखा वाटा."

मुलाला दुकान विकायचे होते. मुलीला त्याचा वाटा विकत घेणे जमेना. "मी काम कुठे करू?" तिने विचारले. "तुला काय, कोणीही ठेवून घेईल," तो म्हणाला. तेव्हापासून शटरला दोन कुलुपे आहेत. एक त्याचे, एक तिचे. दोघे एकत्र आल्याशिवाय ते उघडत नाही आणि दोघे एकत्र येत नाहीत.

मुलगी आता पलीकडच्या दुकानात पगारावर आहे. भिंतीतून तिचा आवाज येतो. गिऱ्हाईक आले की ती नुसते "बसा" म्हणते. पुढचे काही म्हणत नाही.

मित्रांनो, घरी गेलात की मोठ्यांजवळ बसा. गोड बोला, देवाने जीभ त्यासाठीच दिली आहे. पण त्यांना सांगा, कोणाला काय द्यायचे ते हयातीतच लिहा. ज्यांना त्यातले काही मिळणार नाही अशा दोघांसमोर सही करा, त्यांचीही सही घ्या, आणि कागद कुठे ठेवला ते घरात सांगा.

मालक मनातले बोलला तेव्हा आम्हीही दोघे इथेच होतो, मी आणि समोरचा आरसा. आम्हांला त्यातले काही नको होते. पण आम्हांला सही येत नाही.