ताटावर आडवा हात

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-उर्दू शब्दकोश आहे. माझा जन्म हैदराबादच्या एका छापखान्यात झाला. गझला नीट कळाव्यात म्हणून तरुण मधुकररावांनी मला विकत घेतले आणि हौसेने उर्दू लिपीही शिकून घेतली. न्यूझीलंडला येताना त्यांनी बॅगेतले दोन स्वेटर काढून मला भरले. याचा मला अजूनही गर्व आहे. पुढे सगळे अर्थ फोनमध्ये मिळू लागले आणि लोअर हट शहरातल्या या घरात मी कपाटावर जाऊन बसलो.

मधुकररावांचा स्वभाव मोठा टोकाचा. घेतील तर सगळे, नाहीतर काहीच नाही. तीस वर्षांपूर्वी त्यांच्याबरोबरच इथे आलेले यशोधन हे त्यांचे जिवलग मित्र. महिन्यातून एका रविवारी त्यांच्याकडे जेवण ठरलेले. यशोधनांच्या पत्नी श्यामलाताई गुलाबजाम असा काही आग्रह करून वाढत, की तोंडाच्या 'नको'ला तिथे किंमतच नसे. ताटावर हात आडवा धरला तरच त्या थांबत, आणि मधुकररावांना तो हात कधी धरता आला नाही. मग डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितले. मधुकररावांनी गोड सोडले आणि यशोधनांचे घरही सोडले!

चार महिने गुडघेदुखीचे निमित्त चालले. एके दिवशी फोनच्या स्पीकरवर यशोधनांचा आवाज आला, "मधू, माझं काही चुकलं का रे?"

"छे, छे," एवढेच म्हणून मधुकररावांनी फोन ठेवला. मला फार वाईट वाटले.

त्याच आठवड्यात नात जुई शाळेचे काम घेऊन आली. एका इंग्रजी शब्दाचा अर्थ घरातल्या भाषांमध्ये लिहायचा होता. "आजोबा, टेम्परन्सला उर्दूत काय म्हणतात?"

मधुकररावांनी मला खाली काढले, धूळ झटकली आणि मोठ्याने वाचले, "परहेज. एतिदाल."

"मीनिंग?"

"परहेज म्हणजे लांब राहायचं. एतिदाल म्हणजे बेताचं घ्यायचं आणि थांबायचं. मराठीत आपण संयम म्हणतो."

"सो यू आर डुइंग द फर्स्ट वन," जुई म्हणाली. "सेकंड वन इज हीप्स हार्डर, खूपच कठीण, आजोबा."

मधुकरराव हसले. त्या रविवारी ते यशोधनांकडे गेले. जुईने हट्टाने मलाही नेले. श्यामलाताईंनी एक गुलाबजाम वाढला. तो मधुकररावांनी चवीने खाल्ला. दुसरा आला, तसा त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"अहो, एकानं काय होतंय?" म्हणत ताईंनी सवयीने वाढलाच. गुलाबजाम बोटांवर पडला, पाक मनगटापर्यंत ओघळला. हात हलला नाही.

"यशोधन, तुझं काही चुकलं नव्हतं," मधुकरराव म्हणाले. "मला साखर निघाली. इथं नको म्हणता येत नव्हतं, म्हणून मी येतच नव्हतो."

ताईंनी वाडगा खाली ठेवला. यशोधन उठले आणि आपल्या रुमालाने मित्राचा हात पुसू लागले.

मित्रांनो, कपाटावरची पुस्तके अधूनमधून खाली काढत जा. आणि कुणी ताटावर हात आडवा धरला, तर त्याला तुमचे जेवण आवडले नाही असे समजू नका. त्याला पुन्हा तुमच्याकडे यायचे असते.