दुपारचे प्रश्न

आनंदीबाईंनी पदराच्या टोकाने काचेवरची धूळ पुसली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. फडताळावरच्या त्या बोलक्या यंत्राच्या वहीएवढ्या पडद्यावर एरवी भरतीची वेळ असे, उद्याचं ऊन असे, मुंबईच्या नातवाचा फोटो असे. आज तिथे लिहिलं होतं, ‘पतीच्या निधनानंतर सातबाऱ्यावर पत्नीचं नाव कसं लावाल?’

ओटीवर त्यांचे यजमान, आप्पा, वर्तमानपत्र वाचत होते. त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात आनंदीबाईंनी सुनेला हाक मारली.

“रेणुका, हे काय गो?”

रेणुका डबा भरत होती. तिने वाचलं आणि घाईने ते बोटाने सरकवलं. मागून दुसरं आलं, ‘एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ महिलांसाठी.’

“घरात कुणी काही विचारलं, की त्यासारखंच ते दाखवत बसतं, आई.”

“मग विचारलंन कुणी? मी त्या मेल्याशी बोलत नाही. हे बातम्यांपलीकडे जात नाहीत. राहिलीस तू.”

रेणुकाने डब्याचं झाकण दाबून लावलं. डबा पिशवीत टाकून ती रत्नागिरीच्या गाडीला निघून गेली. ‘येते’ म्हणाली नाही.

या घरात बांगडी फुटत नसे, वाढत असे. वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून अभद्र बोलायचं नाही, हे आनंदीबाईंना त्यांच्या सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. शाळेत पोरांना छड्या मारून आलेले आप्पासुद्धा उंबऱ्याच्या आत कधी वाकडा शब्द बोलले नव्हते.

दुपारी आनंदीबाई नेहमीसारख्या बागेत मोहोर बघायला गेल्या. ऊन फार लागलं म्हणून लवकर परतल्या. मागच्या दाराशी आल्या, तर आतून आप्पांचा आवाज आला. शुद्धलेखन घालतानाचा, एकेक शब्द सुटा करणारा.

“यकृतात पसरल्यावर. शेवटी. दुखतं. किती?”

यंत्र हळू आवाजात काहीतरी सांगत राहिलं.

“बरं. विहिरीवरचा पंप. बाईमाणसाला. एकटीला चालवता येईल?”

आनंदीबाईंनी दाराची चौकट धरली. मागल्या महिन्यात आप्पा कोल्हापूरला मित्राच्या नातीच्या लग्नाला म्हणून गेले होते. जेवण कसं होतं, हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. आणि आनंदीबाईंनीही विचारलं नव्हतं.

त्या चार पावलं मागे गेल्या, पायरीवर चपला जोरात आपटल्या आणि आत आल्या.

“आज लवकर?” आप्पा फडताळापासून दूर झाले. “हवा विचारत होतो.”

“काय म्हणतं?”

“कोरडी आहे.”

आनंदीबाईंनी त्यांना पाणी दिलं. भांडं रिकामं होईपर्यंत त्या समोर उभ्या राहिल्या.

“सकाळी रेणुकाला उगाच बोलले मी.”

आप्पांनी वर पाहिलं.

“उठा,” त्या म्हणाल्या. “विहिरीवर चला. पंप कसा चालू करतात, ते दाखवा मला.”

“आत्ता? उन्हाचं?”

“माझ्या डोक्यात लवकर शिरत नाही. दहादा चुकेन मी.”