वयली पाणंद

विद्यापीठाचा अभ्यासक्रम एकदाचा बदलला, पण त्यासाठी भांडून भांडून प्राध्यापक किशोरीबाईंच्या घशाला कोरड पडली होती. उपग्रहाची चित्रं भिंतीवर दाखवून पोरांना झोपवणं आता बास, असं त्यांचं म्हणणं. पोरांनी किनाऱ्यावर जावं, मोबाइलवर वाटा नोंदवाव्यात, वादळात समुद्र आत शिरला तर माणसं कुठून बाहेर पडतील ते शोधावं. पहिल्या तुकडीसाठी त्यांनी मालवणजवळचा आपलाच गाव निवडला.

त्याचं खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या नकाशावर त्यांच्या वाडीतून बाहेर पडायला एकच रस्ता होता आणि त्यावरचा कॉजवे, खाडीवरचा बुटका पूल, वादळात सगळ्यात आधी पाण्याखाली जात होता. वाडीत आई, राधाबाई, एकटी राहायची आणि तिचे गुडघे दुखरे. तेव्हापासून दर फोनला किशोरी म्हणायची, "आये, मुंबईक चल." का, ते सांगायची नाही. राधाबाई विषय बदलायची.

सकाळी बस कॉजवेशी पोचली आणि किशोरीनं कपाळावर हात मारला. समोरून माणसं गुरंढोरं, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन येत होती. गावपळण! दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्खा गाव दारं लावून तीन दिवस शिवेबाहेर मुक्काम करतो. आईनं फोनवर सांगितलं होतं. अभ्यासक्रमाच्या कामात बुडालेल्या बाईसाहेब नुसतं "हो हो" म्हणाल्या होत्या. घरोघरी जाऊन माहिती घ्यायचं प्रात्यक्षिक बोंबललं.

"मॅडम," तुकडीतली सृष्टी म्हणाली, "वादळातसुद्धा लोक असेच निघतील ना? मग आपण त्यांच्याबरोबरच चालूया की!"

पोरगी लाख बोलली. किशोरीनं एकेकाला एकेका वाडीत पिटाळलं, सृष्टीला मुद्दाम आपल्या वाडीत. स्वतः कॉजवेवर टॅब घेऊन उभी राहिली. पोरांच्या मोबाइलवरून ज्याच्या त्याच्या चालण्याची रेघ पडद्यावर उमटत होती.

हळूहळू गर्दी ओसरली. आई काही दिसेना, फोनही लागेना. किशोरीनं घाबरून टॅबवर सृष्टीची रेघ शोधली. ती कॉजवेकडे येतच नव्हती. नकाशावर जिथे नुसती काजूची हिरवी बाग होती, तिथून ती चढत चढत शिवेबाहेरच्या सड्यावर, उंच कातळी माळावर, पोचली होती.

बस वळवून किशोरी सड्यावर गेली. राधाबाई कातळावर पाय पसरून बसली होती, शेजारी गाय रवंथ करत होती आणि सृष्टी झोपडीला झावळ्या बांधत होती. किशोरीचा जीव भांड्यात पडला.

"आये, काजीतसून वर जाणारी ती वाट, वयली पाणंद, कधीच बुजलली ना?"

"आमच्या वाडीच्या उतारार गुरां डांबरार घसारतत. म्हणान आमी बायका गावपळण इली काय जाळी तोडून वयली पाणंद मोकळी करतंव. माझे गुडघे थंय दुखनत नाय, चढ सवकास आसा. तू कितक्या वर्सांत इलंस नाय, तुका कशी म्हायत असतली?"

किशोरी खाली बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मग नकाशा, कॉजवे, पाणी, सगळं सांगून मोकळी झाली.

"आता मुंबईक चल म्हणान तुझ्या मागे लागूचंय नाय," ती म्हणाली. "पण ही वाट दरवर्षी साफ करूची. पोरांका घेऊन मी येतलंय."

राधाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

"बरां झालां गो बाय. तुजो फोन वाजलो काय मी घाबारतंय. वाटता, आता माका हयसून उचलून नेतलंस."