जहाजकाकांचं दार

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं त्यांना पडलेल्या शिव्या वाचत बसलो होतो.

शिव्या म्हणजे 'कक्षेबाहेर' नावाच्या व्हिडिओ गेमबद्दल खेळणाऱ्यांनी लिहिलेली मतं. अवकाशात भरकटलेलं एक मोडकं जहाज, त्यावर एकटी उरलेली एक तंत्रज्ञ, आणि तिला सूचना देणारा जहाजाचा आवाज, असा तो गेम. तो बनला कुठेतरी दूर, आणि निरनिराळ्या भाषांतले आवाज नंतर चढवले. आपल्या भाषेतला जहाजाचा आवाज बाबांचा होता. त्यांनी जन्मभर रेडिओवर बातम्या वाचल्या होत्या. निवृत्तीनंतर ते डबिंगची बारीकसारीक कामं घेत. लिफ्टमधलं 'दरवाजा बंद होत आहे' त्यांचं, बँकेच्या फोनवरचं 'कृपया प्रतीक्षा करा'ही त्यांचंच. गेमचं काम मात्र पहिल्यांदाच मिळालं होतं.

"वाच गं," ते म्हणाले. खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते, गळ्याला मफलर. गळा ते उन्हाळ्यातही झाकून ठेवत. "चांगलंचुंगलं गाळ. त्याचा मला काही उपयोग नाही."

"'चित्रं झकास, पण गेम मधेच गोठतो.'"

"ते माझ्याकडे नाही. पुढे."

"'शत्रू भिंतीत अडकतात. भिंतीला गोळ्या घालून कंटाळलो.'"

"तेही माझ्याकडे नाही. माझ्या वाट्याचं वाच की."

"'जहाज पेटलंय, ऑक्सिजन संपतोय, आणि जहाजकाका असे बोलतायत, जसं काही जेवायला वाढलंय, हात धुऊन या.'"

बाबा खो खो हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. मी पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं. "अरे, पण पेटलंय हे मला कुणी सांगितलं होतं का?"

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. सिनेमाच्या डबिंगला समोर निदान चित्र तरी असतं. इथे नुसती वाक्यं हातात दिली होती, तीही उलटसुलट लावलेली. 'आग पसरत आहे'च्या खाली 'स्वागत आहे'. कुठलं वाक्य कुठे वाजणार, हे बोलणाऱ्याला ठाऊक नसतं. बाबांनी 'ऑक्सिजन संपत आला आहे' हे वाक्य टाकीवर चिकटवलेली सूचना समजून शांतपणे, स्वच्छ उच्चारात वाचलं होतं. रेकॉर्डिस्ट त्यांचा जुना दोस्त. बाबा त्याला कानसेन म्हणत. त्यालाही काही खटकलं नाही, कारण चित्र त्यानेही पाहिलं नव्हतं.

मी ग्रंथालयात काम करते. परत आलेल्या पुस्तकांच्या समासात लोक पेन्सिलीने काय काय लिहून ठेवतात, ते खोडायचं काम माझं. 'शेवट बोगस.' 'ही बाई मेली असती तर बरं झालं असतं.' त्यामुळे वाचणाऱ्याचा राग मला नवीन नव्हता. पण पुस्तकाचा लेखक कधी माझ्यासमोर बसून हसत नसे.

"सातव्या दाराचं काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं.

सगळ्यात जास्त शिव्या सातव्या दाराला होत्या. ते दार कधीकधी उघडतच नसे, गेममधली चूक होती ती. खेळणारा दाराशी अडकायचा, हवा संपत जायची आणि जहाजाचा आवाज म्हणायचा, "श्वास हळू घे. मी इथंच आहे." मग पडदा काळा, आणि सगळं पुन्हा मागपासून सुरू.

"'मी इथंच आहे म्हणे,'" मी वाचलं. "'आहेस ना काका? मग दार उघड की!'"

या वेळी बाबांना इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. "बरोबर आहे त्याचं. दार उघडायला नको?"

कंपनीने दिलेल्या वाक्यात फक्त 'श्वास हळू घे' एवढंच होतं. पुढचे शब्द बाबांनी पदरचे घातले होते. ते कुठून आले, हे मला विचारावं लागलं नाही. लहानपणी मला दमा होता. धाप लागली की बाबा मला पुढे वाकवून बसवत, पाठीवर तळहात ठेवत आणि हेच म्हणत. आई गेल्यावर ते काम त्यांच्या एकट्यावरच आलं होतं. त्यांचा आवाज कधी चढला नाही. वाढत्या वयात मला वाटे, या माणसाला भीती म्हणजे काय ते माहीतच नाही.

खेळणाऱ्यांच्या तक्रारींमुळे कंपनीने ती वाक्यं पुन्हा रेकॉर्ड करायचं ठरवलं होतं आणि बाबांना दोन दिवसांनी स्टुडिओत बोलावलं होतं. घाबरलेल्या आवाजात हवी होती.

"तू शिकव मला," बाबा म्हणाले. "श्वास हळू घे!"

"हे पोलिसासारखं झालं."

"श्वास... हळू घे..."

"आता दात दुखतोय असं वाटतंय."

"अगं, समोरचा घाबरलाय. मी पण घाबरलो, तर त्याने बघायचं कुणाकडे?"

"बाबा, लोक घाबरायलाच खेळतात. शांत बसायचं असतं तर बागेत नसते गेले?"

"मग अवघड आहे बुवा," ते म्हणाले, मफलर सारखा केला आणि भांडी घासायला उठले. त्या दिवशी पाळी त्यांची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता त्यांचा श्वास अडकला. अर्ध्या गालाला फेस तसाच राहिला होता. रुग्णवाहिकेत तो मी माझ्या ओढणीने पुसला. आपत्कालीन कक्षात त्यांच्या तोंडावर मास्क लावला. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते आणि ते माझ्याकडे बघत होते. तेव्हा मला कळलं की बाबांना भीती माहीत होती.

मी काय बोलले? "डॉक्टर येतायत." मग, "कानसेनकाकांना कळवते, उद्याचं रेकॉर्डिंग पुढे ढकलायला." मग पुन्हा, "डॉक्टर येतायत." त्यांचा हात चादरीवर हलला. नर्स म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर थांबा," आणि काचेचं दार बंद झालं. ते उघडलं तेव्हा मला आत बोलावण्याची घाई कुणालाच नव्हती.

महिनाभराने कानसेनकाका घरी आले. बाबांची खुर्ची टाळून स्टुलावर बसले.

"दुसऱ्याकडून करून घेतलं त्यांनी," ते म्हणाले. "तरुण आहे पोरगा. किंचाळतो चांगला."

"आणि बाबांचं?"

"येत्या शुक्रवारी अपडेट येतंय. जुना आवाज निघणार. ते सातवं दारही दुरुस्त केलंय."

"तुमच्याकडे मूळ रेकॉर्डिंग असेल ना?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "काम सोपवलं की सगळं पुसायचं, असा करार असतो ताई. मी इमानेइतबारे पुसलं. आता वाटतं, कशाला इतका शहाणपणा केला." चहा तसाच ठेवून ते उठले. दारात थांबून म्हणाले, "गेमच्या यंत्राची इंटरनेटची वायर काढून ठेवा. आपोआप अपडेट झालं तर गेलंच म्हणून समजा."

त्यांच्यासमोरच मी वायर काढली.

बाबांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता असं नाही. बँकेला फोन केला की ते मला अजूनही प्रतीक्षा करायला सांगतात. पण तो बातम्या वाचणारा आवाज, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांसाठीचा. पाठीवर हात ठेवणारा आवाज त्या एकाच वाक्यात होता, आणि ते वाक्य सातव्या दाराशी होतं.

अडचण अशी होती की मला खेळता येत नव्हतं. स्वतःचा आवाज ऐकायला म्हणून बाबांनी गेमचं यंत्र आणलं, तेव्हा आम्हा दोघांची मजल तिसऱ्या दारापलीकडे गेली नव्हती. माझ्या हातून ती तंत्रज्ञ सतत कशावर तरी आपटायची आणि बाबा म्हणायचे, "तिला निदान समोर तरी बघू दे."

मग मी फोनवर पुन्हा त्या शिव्या उघडल्या. या वेळी गाळलं काहीच नाही. तिसऱ्या दालनातले शत्रू डाव्या भिंतीत अडकतात, अशी कुणाची तरी तक्रार होती, म्हणून मी डाव्या भिंतीकडून गेले. ते भिंतीतच तडफडत राहिले. 'पुलावरून उडी नीट बसत नाही, कडेच्या पाइपावरून चालत गेलं तरी चालतं, काय फालतूपणा आहे,' असं एकाने लिहिलं होतं. मी पाइपावरून चालत गेले. सातवं दार हमखास कशाने अडतं हेही एकाने चिडून लिहून ठेवलं होतं: मागची लिफ्ट थांबायच्या आत दाराशी पोचलं की ते जाम होतं. ज्या चुकीवर सगळे दातओठ खात होते, ती आता मला हवी होती.

शुक्रवार आला आणि गेला. नवी मतं आली. 'नवा आवाज जबरदस्त, अंगावर काटा.' 'दार उघडतं एकदाचं.' एकाने लिहिलं होतं, 'काकांची सवय झाली होती राव.' त्याच्याखाली कुणीतरी हसण्याचं चित्र टाकलं होतं. मी लिहायला घेतलं होतं काहीतरी, दोन ओळी झाल्यावर खोडलं.

रविवारी दुपारी मी सातव्या दारापर्यंत पोचले. खालच्या अंगणात कुणीतरी गालिचा बडवत होतं. बाबांच्या खुर्चीत मी अजून बसत नाही, मी जमिनीवर बसले होते. मागे लिफ्ट घरघरत होती. मी पळाले, या वेळी कशावर आपटले नाही, आणि दारावर हात ठेवला.

दार उघडलं नाही.

पडद्याच्या कोपऱ्यातली निळी पट्टी कमी होऊ लागली. ती तंत्रज्ञ धापा टाकत होती. कुणाचा आहे तो श्वास माहीत नाही, कुठल्यातरी स्टुडिओत कुणीतरी एकटीने माइकसमोर उभं राहून घेतलेला असेल. ऐकता ऐकता माझाही श्वास वर वर यायला लागला.

"श्वास हळू घे," बाबा म्हणाले. "मी इथंच आहे."

पट्टी संपत आली होती. मास्कच्या वरचे ते डोळे मला दिसले. मी हातातला कंट्रोलर खाली ठेवला आणि पडद्यावरच्या दाराकडे तोंड करून, आवाज चढू न देता, मोठ्याने म्हणाले, "बाबा, तुम्ही हळू श्वास घ्या. घाबरू नका. मी इथंच आहे."